उन्हाळ्यात मेलोडिक हार्ड रॉक अल्बम ऐकायचाय? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ऊन तापायला लागलं की हेच प्रश्न परत परत येतात, कुठून सुरू करू, कशावर ऐकू, हे जरा जास्तच गोड नाही का, एवढ्या बॅलड, म्हणजे संथ गाणी, कशाला वगैरे, म्हणून उत्तरं एकदाच नीट लिहून ठेवतोय. मला हे संगीत मनापासून आवडतं आणि माझं एक ठाम मत आहे, की जे ऐकायला इतकं सोपं आणि मोकळं वाटतं ते बनवायला लोकांनी प्रचंड मेहनत घेतलेली असते, आणि ती मेहनत ऐकू यायला उन्हाळ्यासारखा निवांत वेळ दुसरा नाही. खालची उत्तरं त्याच नजरेने वाचा.

मेलोडिक हार्ड रॉक म्हणजे नक्की काय?

गिटार हार्ड रॉकची, म्हणजे डिस्टॉर्शन (मुद्दाम फाडलेला आवाज) आहे, रिफ (परत परत येणारा गिटारचा छोटा तुकडा) आहे, सोलो (एकट्या गिटारचा तुकडा) आहे, ड्रम दणदणीत आहेत, पण गाण्याचा मालक गिटार नसून चाल असते. एकदा ऐकलं की कोरस, म्हणजे गाण्याचं धृवपद, डोक्यात बसला पाहिजे आणि दुसऱ्यांदा येईल तेव्हा तुम्ही सोबत गायला लागला पाहिजे, एवढी साधी कसोटी. कोरसमध्ये एक आवाज जवळजवळ कधीच नसतो, तीन चार सूर एकावर एक रचलेले असतात, त्यामुळे तो एकदम रुंद वाटतो. गायकाचा आवाज बहुतेक वेळा उंच पट्टीतला आणि स्वच्छ. 70च्या दशकाच्या मध्यापासून हे सगळं आकाराला आलं आणि 80च्या दशकात त्याने रेडिओ आणि टीव्ही दोन्ही व्यापले.

मग एओआर म्हणतात ते हेच का?

शेजारी आहेत, पण अगदी एक नाही. एओआर, म्हणजे अल्बम ओरिएंटेड रॉक, हा मुळात अमेरिकेतल्या एफएम रेडिओचा एक प्रकार होता, म्हणजे फक्त हिट सिंगल न वाजवता अल्बममधली गाणी वाजवायची, आणि पुढे त्या रेडिओवर शोभेल अशा गुळगुळीत, कीबोर्डवाल्या रॉकलाच लोक ते नाव देऊ लागले. ढोबळ मानाने कीबोर्ड पुढे असेल तर एओआर, गिटार पुढे असेल तर मेलोडिक हार्ड रॉक. जर्नी, टोटो, फॉरेनर पहिल्या बाजूला झुकतात, डेफ लेपर्ड आणि बॉन जोवी दुसऱ्या. यावर लोक तासन्‌तास वाद घालतात, पण ऐकणाऱ्याला त्याने काही फरक पडत नाही, दोन्ही ऐका.

उन्हाळ्याशी याचा संबंध काय? हे संगीत वर्षभर ऐकता येत नाही का?

येतं की, कोण अडवतंय. पण संबंध खरा आहे आणि नुसता मूडचा नाही. यातले कितीतरी मोठे अल्बम अमेरिका ब्रिटनच्या भर उन्हाळ्यात, म्हणजे जुलै ऑगस्टमध्येच बाजारात आले. बोस्टनचा पहिला अल्बम ऑगस्ट 1976, जर्नीचा ‘एस्केप’ आणि फॉरेनरचा ‘4’ दोन्ही जुलै 1981, बॉन जोवीचा ‘स्लिपरी व्हेन वेट’ ऑगस्ट 1986, डेफ लेपर्डचा ‘हिस्टेरिया’ ऑगस्ट 1987. अमेरिका आणि ब्रिटनमध्ये तेव्हा शाळा कॉलेजं बंद, पोरं गाड्या घेऊन बाहेर, काचा खाली, रेडिओ चालू, आणि संध्याकाळी उघड्यावरचे कॉन्सर्ट, तर ही गाणी त्याच वातावरणात ऐकली गेली. अर्थात हा काही नियम नव्हे, व्हॅन हेलनचा पहिला अल्बम फेब्रुवारी 1978चा आणि डेफ लेपर्डचा ‘पायरोमेनिया’ जानेवारी 1983चा, आणि दोन्ही उन्हात तितकेच भारी वाजतात.

दुसरं कारण गाण्यांच्या घडणीत आहे. वेग मध्यम असतो, पळत सुटत नाही आणि रेंगाळतही नाही, चालता चालता किंवा गाडी चालवताना बोटांनी आपोआप ठेका धरला जातो असा. कोरसला येईपर्यंत सूर हळूहळू उघडत जातात, ड्रमच्या आवाजाभोवती भरपूर मोकळी जागा ठेवलेली असते. बंद खोलीत कानात घालून ऐकण्यापेक्षा मोकळ्या हवेत हे संगीत जास्त खुलतं असं मला नेहमी वाटत आलंय, कारण ते बनवणाऱ्यांच्या डोक्यात स्टेडियम होतं.

अगदी पहिला अल्बम कुठला ऐकू?

बोस्टनचा पहिला, ज्याचं नाव नुसतं ‘बोस्टन’ आहे. साधारण 38 मिनिटांचा आहे, आठच गाणी, एकही भरतीचं नाही. आणि त्यामागची गोष्टही ऐकण्यासारखी आहे. टॉम शोल्झ हा एमआयटीतून शिकलेला इंजिनियर, पोलरॉइड कंपनीत नोकरी करायचा, आणि नोकरी सांभाळून घराच्या तळघरात स्वतः स्टुडिओ उभा करून त्याने या अल्बमचा बराचसा भाग तिथेच रेकॉर्ड केला. बहुतेक वाद्यं त्याचीच, एकावर एक थर चढवत नेलेली. त्यावर ब्रॅड डेल्पचा आवाज, जो इतका वर जातो आणि तरी कुठे ताणल्यासारखा वाटत नाही. एकट्या अमेरिकेत या अल्बमला 17 वेळा प्लॅटिनम, म्हणजे दहा लाख प्रतींचा मान, मिळालंय.

पहिलं गाणं कसं सुरू होतं ते नीट ऐका. शांततेतून अकूस्टिक गिटार हळूच वर येते, म्हणजे गाणं आधीपासूनच कुठेतरी चालू होतं आणि तुम्ही त्याच्या जवळ जाताय असं वाटतं. मग बेस, मग ड्रम, मग आवाज, आणि ओळ संपते तिथे इलेक्ट्रिक गिटार स्वतःच एक चाल गात आत येते. कोरसमध्ये टाळ्या आहेत, खऱ्या हाताच्या टाळ्या, पहिल्यांदा ऐकताना लक्षातही येत नाहीत पण कोरस एवढा मोकळा वाटतो त्यात त्यांचा मोठा वाटा आहे. सकाळी ऊन चढायच्या आधी हे गाणं लावून बघा.

सगळे ‘हिस्टेरिया’, ‘हिस्टेरिया’ का करतात?

कारण या प्रकारात कष्टाची परिसीमा गाठलेला अल्बम तोच आहे. इंग्लंडमधल्या शेफील्डचा डेफ लेपर्ड हा बॅंड ‘पायरोमेनिया’ने मोठा झाला आणि पुढचा अल्बम करायला 1984मध्ये बसला तो बाहेर आला थेट 1987मध्ये. मधे काय काय झालं. निर्माता मट लॅंग दमून सुरुवातीलाच बाजूला झाला, मग जिम स्टाइनमन या दुसऱ्या निर्मात्याला घेऊन बघितलं ते जमलं नाही, आणि 31 डिसेंबर 1984ला गाडीच्या अपघातात ड्रमर रिक ॲलनचा डावा हात गेला. बॅंडने त्याच्या जागी दुसरा माणूस घेतला नाही. त्याच्यासाठी इलेक्ट्रॉनिक पॅड आणि पायाने वाजवायचे पेडल असलेला ड्रमसेट तयार केला गेला, जे डाव्या हाताने वाजवायचं ते तो डाव्या पायाने वाजवायला शिकला, आणि आजही तोच त्या बॅंडचा ड्रमर आहे.

मट लॅंग परत आला आणि मग सुरू झालं ते थरांचं काम. गिटारचा कॉर्ड एकदम न वाजवता काही ठिकाणी त्यातली एकेक तार वेगवेगळी रेकॉर्ड करून नंतर एकत्र लावलीय, जेणेकरून प्रत्येक सूर स्वच्छ ऐकू यावा. त्या गिटारचा तो काचेसारखा चकचकीत आवाज रॉकमॅन नावाच्या छोट्या यंत्रातून आलाय, आणि ते यंत्र बनवलं होतं बोस्टनच्या त्याच टॉम शोल्झने! मागच्या कोरसच्या आवाजांचे तर किती थर असतील ते मोजायला जाऊ नये. आणि एवढं सगळं करून ऐकताना काय वाटतं, तर मजा, फक्त मजा, कुठे घाम दिसत नाही.

अजून एक गोष्ट मला फार आवडते, अल्बम आला ऑगस्ट 1987मध्ये पण अमेरिकेच्या बिलबोर्ड यादीत पहिला नंबर मिळाला तो जुलै 1988मध्ये, म्हणजे पुढच्या उन्हाळ्यात. एक आख्खं वर्ष तो हळूहळू लोकांच्या कानात मुरत गेला. तुम्हाला पहिल्या ऐकण्यात तो फार चकाकता वाटला तर सोडून देऊ नका, थोडे दिवस राहू द्या.

आख्खा अल्बम ऐकायचा की प्लेलिस्ट चालेल?

प्लेलिस्टने काही पाप लागत नाही, पण आख्खाच ऐका असं मी आग्रहाने सांगेन. हे अल्बम दोन बाजूंचे म्हणून रचलेले असायचे. पहिली बाजू जोरात सुरू, दुसरं तिसरं गाणं सगळ्यात मोठं हिट, मग एक संथ गाणं, मग बाजूच्या शेवटी काहीतरी दमदार, आणि उलटून दुसरी बाजू लावली की परत नव्याने दार उघडल्यासारखी सुरुवात. शफल लावला की ही चढउताराची योजना मोडते आणि सगळे मोठे कोरस एकापाठोपाठ आले की कान थकतात, मग माणूस म्हणतो की सगळी गाणी सारखीच आहेत. शफल बंद करा, ॲपमधला क्रॉसफेड, म्हणजे एका गाण्याच्या शेवटात पुढचं मिसळणारी सोय, तीही बंद करा. व्हॅन हेलनचा पहिला अल्बम 35 मिनिटांच्या आसपास आहे, एवढा वेळ तर आपण फोन नुसता वरखाली करण्यात घालवतो.

‘हिस्टेरिया’ मात्र तासाच्या वर आहे. तो दोन बैठकींत ऐकलात तरी चालेल, सहाव्या गाण्यानंतर थांबा.

ऐकताना नेमकं लक्ष कुठे द्यायचं? मला संगीतातलं काही कळत नाही.

कळायची गरज नाही, पण एक दोन जागा दाखवतो म्हणजे पुढे आपोआप सापडतील. ‘स्लिपरी व्हेन वेट’मधलं तिसरं गाणं घ्या. सुरुवातीला जी ‘वाव वाव’ बोलणारी गिटार आहे तिला टॉकबॉक्स म्हणतात, गिटारचा आवाज एका नळीतून वाजवणाऱ्याच्या तोंडात सोडतात, तो ओठ हलवून त्याला आकार देतो आणि समोरचा माइक ते पकडतो. बॉन जोवीचा गिटारवादक रिची सॅम्बोरा ते करतोय. पुढे कडवं खालच्या पट्टीत, दबलेलं, बेस एकसारखा चालतोय. मग कोरसच्या आधीचा छोटा तुकडा येतो, तिथे चाल वर चढायला लागते पण अजून सुटत नाही, आणि मग कोरस सुटतो.

आता शेवटचा कोरस ऐका. सोलोनंतर परत तो चढाचा तुकडा येतो, आणि तुम्ही नेहमीच्या जागी कोरसची वाट बघत असता तेव्हा तो एक ठोका आधीच येऊन धडकतो, आणि वरून आख्खी पट्टी तीन स्वर वर, म्हणजे पेटीवर पांढऱ्या काळ्या धरून तीन पट्ट्या पुढे. म्हणून तिथे अंगावर काटा येतो, कितीही वेळा ऐकलं तरी. पायाने ठेका धरून ऐका, तो एक ठोका कुठे गायब झाला ते पायाला आधी कळेल आणि डोक्याला नंतर. हे असं काहीतरी या प्रकारातल्या प्रत्येक चांगल्या अल्बममध्ये एक दोन ठिकाणी लपलेलं असतं.

हे फार गोड, प्लास्टिकसारखं नाही वाटत?

काही अल्बम खरंच तसे आहेत. 80च्या शेवटी शेवटी कंपन्यांनी तोच साचा वापरून ढिगाने बॅंड उभे केले, तीच गिटार, तोच घुमणारा ड्रम, तेच कोरस, आणि त्यातलं बरंचसं आज ऐकवत नाही हे मी मान्य करतो. पण गोडवा हा दोष नव्हे. चाल गोड असणं आणि चाल फुकटची असणं यात फरक आहे, आणि तो ओळखायला एक सोपी युक्ती आहे, कोरस बाजूला ठेवून फक्त कडवी ऐका. चांगल्या अल्बममध्ये कडव्यांनाही स्वतःची चाल असते, बेस काहीतरी बोलत असतो. साच्यातल्या अल्बममध्ये कडवं म्हणजे कोरस येईपर्यंतचा टाइमपास. ‘4’ या अल्बमवर फॉरेनरने मट लॅंगसोबत किती बारकाईने काम केलंय बघा, कीबोर्डवर थॉमस डॉल्बी, एका गाण्यात सॅक्सोफोनवर मोटाउन या रेकॉर्ड कंपनीचा ज्युनियर वॉकर, आणि तरी कुठे गर्दी वाटत नाही. हा अल्बम बिलबोर्डवर दहा आठवडे पहिला होता, लोक काही उगाच वेडे झाले नव्हते.

गाण्यांचे शब्द कसे आहेत?

विषय ठरलेले, प्रेम, ताटातूट, रस्ता, रात्र, छोट्या गावातून बाहेर पडायची तळमळ, आणि हार मानू नको. शेवटचे दोन जिथे खरे आहेत तिथे ही गाणी पोटात शिरतात. पण काही गाण्यांत बायकांकडे बघायची नजर आज खटकते, आणि ती तेव्हाही बरोबर नव्हती. मी ती गाणी सोडून देतो, तुम्ही तुमचं ठरवा. लहान मुलं सोबत असतील तर आधी शब्द एकदा वाचून घ्या हे बरं. ‘स्लिपरी व्हेन वेट’चं मूळ कव्हर ओल्या टीशर्टमधल्या मुलीचं होतं, ते बदललं, आणि शेवटी पाणी शिंपडलेल्या काळ्या कचऱ्याच्या पिशवीवर बोटाने नाव लिहून त्याचा फोटो वापरला. ते कितीतरी पटीने सुंदर आहे.

बॅलड आली की स्किप करू का?

नका करू. संथ गाणं म्हणजे अल्बमचा श्वास, त्याच्यानंतर येणारं जोरकस गाणं त्याच्यामुळेच जोरकस वाटतं. ‘एस्केप’चा शेवट तर एका संथ गाण्याने होतो आणि ते काढलं तर अल्बम अर्धवट वाटेल.

बायकांनी गायलेलं काही आहे का?

भरपूर आहे आणि ते मुख्य यादीतच ऐका, वेगळ्या कप्प्यात ठेवू नका. हार्ट हा बॅंड, ॲन आणि नॅन्सी विल्सन या दोघी बहिणी, 70च्या दशकात त्यांची गिटार जास्त राकट होती आणि 1985च्या ‘हार्ट’ नावाच्या अल्बमने त्या पहिल्यांदा बिलबोर्डच्या पहिल्या नंबरावर गेल्या. ॲनचा आवाज या आख्ख्या प्रकारातल्या सगळ्यात ताकदवान आवाजांपैकी एक, हे मी कुठेही लिहून द्यायला तयार आहे. व्हिक्सनचा 1988चा पहिला अल्बमही उन्हाळ्याला एकदम फिट, चौघीही स्वतः वाजवणाऱ्या.

हे सगळं जुनं झालं, आता कोणी असं करतं का?

करतात, आणि मनापासून करतात. 90च्या सुरुवातीला ग्रंज हा राकट, उदास रॉक आला आणि मोठ्या कंपन्यांनी या बॅंडना वाऱ्यावर सोडलं, पण ऐकणारे कुठे गेले नव्हते. 1996मध्ये इटलीत, नेपल्स शहरात, फ्रंटियर्स नावाची रेकॉर्ड कंपनी सुरू झाली आणि तिने जुन्या गायकांना परत उभं केलं, नव्यांना जागा दिली. आणि नवे सगळ्यात जास्त कुठून येतात तर स्वीडनमधून. स्टॉकहोमजवळचं उपलॅंड्स वॅस्बी, जिथून 1986च्या ‘द फायनल काउंटडाउन’वाला युरोप हा बॅंड आला, तिथूनच पुढे हीट हा बॅंड आला. एक्लिप्स ऐका, गिटार जरा जड पण कोरस अस्सल. डब्ल्यूईटी ऐका, वर्क ऑफ आर्ट, एक्लिप्स आणि टॅलिसमन या तीन बॅंडच्या लोकांनी एकत्र येऊन केलेला.

आणि द नाइट फ्लाइट ऑर्केस्ट्रा. हे मुळात सॉइलवर्क या मेलोडिक डेथ मेटल बॅंडमधले लोक, दिवसभर गुरगुरणारं संगीत करणारे, त्यांनी 2007मध्ये फक्त आपल्याला आवडतं म्हणून 70-80च्या पद्धतीचा हा उन्हाळी, डिस्कोकडे झुकणारा रॉक बॅंड काढला. रात्री लांबचा प्रवास असेल तर यांचा कुठलाही अल्बम लावा.

जर्नीचंच बघा, 2007पासून त्यांचा गायक आहे मनिलाचा अर्नेल पिनेडा, ज्याला त्यांनी यूट्यूबवरचे व्हिडिओ बघून शोधला. हे संगीत कुठल्या एका देशाचं राहिलेलं नाही.

कशावर ऐकू, गाडीत, स्पीकरवर की हेडफोनवर?

पहिली वेळ गाडीत किंवा उघड्या खिडकीजवळच्या स्पीकरवर, दुसरी वेळ हेडफोनवर, असा क्रम मी सुचवेन. मोकळ्यावर ऐकताना चाल आणि ठेका कळतो, हेडफोनवर थर कळतात, डावीकडची गिटार वेगळी आणि उजवीकडची वेगळी वाजतेय हे तिथे समजतं. गाडीत टायर आणि वाऱ्याचा आवाज मुख्यतः खालचे सूर गिळतो, म्हणून बेस एखादी पायरी वाढवलात तर चालेल, पण जास्त नको, कारण या मिक्समध्ये सगळी जादू मधल्या सुरांत आहे, तिथेच आवाज आणि गिटार राहतात. छोटे ब्लूटूथ स्पीकर बेस फुगवून सांगतात, त्यांचं बेसचं बटण बंद करून बघा, बऱ्याचदा गाणं एकदम स्वच्छ होतं. आणि बरेच छोटे स्पीकर मोनो असतात, म्हणजे डावा उजवा आवाज वेगळा नसतो, दोन एकत्र जोडता येत असतील तर जोडा, या अल्बमना दोन बाजू लागतात.

रस्त्यावर चालताना, सायकलवर नॉइज कॅन्सलिंग नको. हे सांगायची गरज पडू नये पण सांगतो.

रीमास्टर घेऊ की जुनीच आवृत्ती?

दोन्ही उपलब्ध असतील तर आधी जुनी ऐका. 90च्या दशकापासून पुढे रीमास्टर करताना, म्हणजे जुनं रेकॉर्डिंग नव्याने तयार करताना, आवाज सरसकट मोठा करायची पद्धत पडली, त्यात हळू आणि जोरात यातलं अंतर कमी होतं, आणि मेलोडिक हार्ड रॉकचा अर्धा आनंद त्या अंतरातच आहे, दबलेलं कडवं आणि सुटणारा कोरस. नवी आवृत्ती तुलनेत ‘भारी’ वाटते कारण ती मोठी असते, म्हणून तुलना करताना दोन्हींचा आवाज कानाला सारखा वाटेल असा लावून मग ठरवा. सगळे रीमास्टर वाईट नसतात, काही फार काळजीने केलेले आहेत.

आवाज किती ठेवू? हे संगीत हळू ऐकण्यात काय मजा?

थोडा मोठा हवाच, मान्य. पण कान परत मिळत नाहीत. जागतिक आरोग्य संघटनेचा हिशोब असा, 80 डेसिबलवर आठवड्याला 40 तास चालतात, पण 90 डेसिबलवर आठवड्याला फक्त 4 तास. म्हणजे थोडासाच वाढवला असं वाटतं तोवर वेळ दहापट कमी झालेली असते. बरेच फोन आता हेडफोनचा डेसिबल आकडा दाखवतात, एकदा बघून ठेवा. माझी पद्धत, आख्खा अल्बम मध्यम आवाजात आणि एखादंच लाडकं गाणं मोठ्याने. ऐकून झाल्यावर कानात शिट्टी वाजत असेल तर ते खूप जास्त होतं.

एलपी, सीडी, फोन उन्हात चालतात का?

एलपी अजिबात नाही. ती प्लास्टिकची असते, बंद गाडीत उन्हात थोडा वेळ राहिली तरी वाकते आणि वाकलेली एलपी परत पहिल्यासारखी सरळ करणं जवळजवळ अशक्य. दुकानातून थेट घरी, आणि घरी उभी ठेवायची, आडवी एकावर एक रचायची नाही, खिडकीसमोर तर नाहीच. सीडी जास्त सोसते पण तीही डॅशबोर्डवर टाकू नका. फोन गाणी वाजवतोय, चार्जिंगला लावलाय आणि वर ऊन, हे तिन्ही एकत्र आलं की तो तापतो आणि बॅटरीचं आयुष्य कमी होतं. फोन सावलीत, आवाज स्पीकरवर. प्रवासाला निघताना अल्बम आधी डाउनलोड करून ठेवा, नेटवर्क गेल्यावर सोलोच्या मधेच गाणं अडकलं तर जीव जातो.

सोबतच्या लोकांना रॉक आवडत नाही, मग?

बोस्टन किंवा टोटोपासून सुरू करा, व्हॅन हेलनपासून नको. ‘टोटो 4’ हा अल्बम स्टुडिओत रोज इतरांसाठी वाजवणाऱ्या निष्णात वादकांनी केलेला, त्याला वर्षातल्या सर्वोत्तम अल्बमचं ग्रॅमी मिळालंय, आणि रॉक न आवडणारे लोकही त्यात काहीतरी आपलं शोधतात. आवाज बोलता येईल इतकाच ठेवा, ‘हे ऐक, आता बघ काय येतंय’ असं दर मिनिटाला सांगू नका. कोरस स्वतःच आपलं काम करतो, तिसऱ्या गाण्याला कोणीतरी गुणगुणायला लागतं.

एकच अल्बम सारखा लावला तर कंटाळा येणार नाही का?

एका उन्हाळ्याला एकच अल्बम धरून बसणं मला तरी सगळ्यात जास्त देऊन गेलंय. पहिले काही दिवस फक्त कोरस ऐकू येतात. मग बेस ऐकू येतो. मग एक दिवस अचानक कोरसच्या मागे एक कीबोर्ड सापडतो जो इतके दिवस तिथेच होता. ज्या अल्बममध्ये एवढे थर घातलेत तो एवढं ऐकल्याशिवाय उलगडत नाही. कंटाळा आलाच तर त्याच बॅंडचा आधीचा अल्बम लावा, ‘हिस्टेरिया’ धरला असेल तर ‘पायरोमेनिया’, आणि तोच निर्माता चार वर्षं आधी काय करत होता ते ऐका. परत आलात की पहिला अल्बम नवा वाटेल.

मी गिटार शिकतोय, यातलं काय वाजवायला घेऊ?

सोलोच्या मागे लागू नका, रिदम घ्या. या संगीतातला रिदम गिटारवाला तळहाताने तारा दाबून ‘टक टक टक’ असं आठ ठोके सारख्या जोराने वाजवतो आणि नेमक्या जागी हात उचलून कॉर्ड मोकळा सोडतो, हे ऐकायला सोपं आणि सारखं वाजवायला अवघड आहे. मेट्रोनोम, म्हणजे ठेका देणारं यंत्र, मिनिटाला 100 ठोक्यांवर लावून तेवढंच करा, डिस्टॉर्शन तुम्हाला वाटतं त्याच्या निम्मं ठेवा, कारण अल्बममध्ये तो जाडपणा चार पाच गिटार एकावर एक चढवून आलेला असतो, एका गिटारवर नॉब पिळून तो येत नाही, फक्त सूर चिखलात जातात. मग फोनवर एक ट्रॅक रेकॉर्ड करा, त्यावर दुसरा वाजवा, एक डावीकडे एक उजवीकडे लावून हेडफोनवर ऐका. दोन्ही ट्रॅक तंतोतंत एका वेळी पडले नाहीत की लगेच कळतं, आणि पडले की तो आवाज एकदम रुंद होतो, तोच अल्बममधला आवाज, तुमच्या स्वतःच्या हातातून आलेला.